चढलात किती वेळात ते नको, दिसलं काय ते सांगा

ट्रेकहून आलेल्या पुणेकराला ‘काय दिसलं?’ असं विचारलं, तर तो ‘दोन तासांत वर पोचलो’ असं सांगतो. घड्याळात पावलं किती पडली, चढ किती मीटर झाला, यंदा कितवा गड झाला, सगळं तोंडपाठ. वाटेत डोक्यावरून सर्पगरुड शिट्टी घालत गेला हे मात्र कुणाच्या गावीही नसतं. तोरणा-राजगड एका दमात करणाऱ्यांच्या दमाचं कौतुक आहेच, पण त्याला जंगल बघणं म्हणू नये.

माझं म्हणणं साधं आहे. प्राणी-पक्षी बघायचे असतील तर चालणं कमी करा आणि बसा. एका झाडाखाली, तासभर, तोंड बंद ठेवून. हे शेवटचं आपल्याला सगळ्यात जड जातं.

शेकरूचंच बघा. आपला राज्यप्राणी, झाडांवर राहणारी मोठी खार. त्याच्यासाठी भीमाशंकरचं अभयारण्य 1985 मध्ये जाहीर झालं. पुणे, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत मिळून साधारण 130 चौरस किलोमीटर. दर शनिवार-रविवारी शेकडो लोक तिथे जातात, दर्शन घेतात, नागफणीच्या कड्यावर फोटो काढतात आणि ‘शेकरू काही दिसला नाही बुवा’ म्हणत खाली येतात. दिसणार कसा? तो सकाळी आणि उन्हं कलल्यावर हिंडतो, भर दुपारी फांदीवर पसरून झोपतो. आपण नेमके बाराच्या उन्हात, गप्पा मारत त्याच्या खालून जातो.

त्याला शोधायची सुरुवात जमिनीपासून करावी. झाडाखाली अर्धवट कुरतडलेली ताजी फळं पडली असतील तर थांबायचं. मग वर बघायचं. फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसला की ते त्याचं घरटं. पण एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधून ठेवतो, त्यामुळे घरटं दिसलं म्हणजे मालक घरात आहे असं नाही. बसायचं. कधीतरी वरून खडखडाटासारखा आवाज येतो, पानं हलतात, आणि तांबूस-तपकिरी अंगाचं, पांढुरक्या टोकाच्या लांब शेपटीचं ते जनावर एका झाडावरून दुसऱ्यावर झेपावतं. पंधरा-वीस फूट सहज. होता होईतो तो जमिनीवर उतरत नाही. म्हणूनच रस्ता रुंद करताना दोन्ही बाजूंच्या फांद्यांची मिठी सुटली की त्याचा रस्ता तुटतो. आपल्याला ‘रस्ता काय मस्त केलाय’ वाटतं, त्याला खाली उतरावं लागतं, आणि खाली कुत्री असतात, गाड्या असतात.

ही मिठी टिकलीय ती बरीचशी देवरायांमुळे. घोडेगावहून डिंभे धरणाच्या कडेकडेने आहुप्याला गेलात तर बघा. देवाच्या नावाने राखलेलं रान, आत भर दिवसा अंधार. आहुप्याच्या कड्यावरून खाली कोकण आणि समोर गोरखगड, मच्छिंद्रगड, सिद्धगड दिसतात. सगळे कड्याकडे पळतात, देवराईत कुणी टेकत नाही. तिथल्या एका मामांनी एकदा विचारलं होतं, “तुम्ही लोकं एवढ्या लांबनं येता अन् लगेच निघता कुठं?” मला काही बोलता आलं नाही.

आता तंबूंबद्दल, म्हणजे काही जण चिडणार. सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, तंबूंची रांग, शेकोटी, ब्लूटूथ स्पीकर आणि ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ अशी जाहिरात. उन्हाळ्यात त्याच उघड्या जमिनीवर टिटवी अंडी घालते. घरटं असं काही नसतंच, चार खडे आणि त्यांच्याच रंगाची अंडी. तुमच्या तंबूभोवती ती रात्रभर बोंबलते ती हौस म्हणून नव्हे. आणि अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय मुक्काम किंवा जाळ करायला 1972 च्या वन्यजीव कायद्यानेच मनाई आहे, हे जाहिरातीत कुणी छापत नाही.

त्यापेक्षा वाडीत कुणाच्या तरी ओसरीवर झोपा. भाकरी-पिठलं तिथेच खा, त्याचे पैसे रीतसर द्या, घासाघीस करू नका. (सिंहगडावर दह्याच्या मडक्याचे मुकाट्याने मोजता ना?) रात्री टॉर्च बंद करून अंगणात बसलात तर डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. त्यानंतर कान उघडतात. रातवा, पिंगळा असे रात्रीचे पक्षी, लांबवर भेकराचं, म्हणजे एका लहान हरणाचं, भुंकणं. वानरं एकदम खकारायला लागली तर बिबट्या फिरत असण्याची शक्यता बरीच. तो दिसणार नाही, आणि दिसला नाही तेच बरं. मेअखेरीस काजवे असतात. नर लुकलुकून मादीला बोलावत असतात आणि मध्येच आपली गाडी हेडलाइट लावून उभी राहते. पावसाळ्यात कुजक्या लाकडावर हिरवट उजेडाची बुरशी दिसते, तीही फक्त मोबाइल खिशात ठेवणाऱ्याला.

पहाटे शीळकरी कस्तूर पक्षी गायला लागला की उठायचं. चहा नंतर.

‘मग ट्रेक बंदच करायचे का?’ असं कमेंटमध्ये कुणी विचारणारच. करा की. भरपूर चाला, गड करा, घामाघूम व्हा. फक्त त्या दिवशी ‘वाइल्डलाइफ’ असा हॅशटॅग टाकू नका. आणि तीस जणांचा जथा घेऊन देवराईत शिरू नका. चौघं पुरे, त्यातही दोघं अबोल असतील तर उत्तम.

शेकरू नेमका कुठल्या झाडावर बघितला ते इनबॉक्समध्ये विचारू नका. सांगणार नाही. मागे एकाला सांगितलं होतं, पुढच्या रविवारी त्या झाडाखाली गाडी लावायला जागा नव्हती.