बर्गी, चौथाई आणि सातवीचा वर्ग : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

इतिहास शिकवण्यात हयात घातलेल्या माणसाने इतकं सविस्तर लिहिलं, त्याला दोन ओळींत उत्तर देणं बरं नव्हे. म्हणून वेगळं लिहितोय.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्या शिकवताना मराठ्यांची बाजू आणि बंगालची आठवण एकाच पानावर द्यावी, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. सरांचं म्हणणं असं की यामुळे बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा गोंधळ उडेल आणि पूर्वजांना लुटारू ठरवल्याने त्याचा अभिमान खच्ची होईल. शिवाय दोन्ही बाजू खऱ्या म्हटल्या की खरं-खोटं असं काही उरणारच नाही.

सर, शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, म्हणून तो आधी घेतो. दोन बाजू मांडणं म्हणजे दोघींना सारखे गुण देऊन मोकळं होणं नव्हे. काही गोष्टींवर वाद नाहीच. १७४२ मध्ये भास्करराम कोल्हटकर रघूजींची फौज घेऊन बंगालमध्ये उतरले. १७४४ मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने त्यांना बोलणी करायला म्हणून मानकरा या गावी बोलावलं आणि दगा करून ठार मारलं. १७५१ च्या तहात वर्षाला १२ लाख रुपये चौथाई, म्हणजे महसुलातला चौथ्या हिश्श्याचा हक्क म्हणून, ठरली आणि ओडिशा भोसल्यांच्या हाती आला. वाद आहे तो या सगळ्याला काय म्हणायचं याचा : राज्यविस्तार की लुटालूट? आणि तिथे 'ज्याचं त्याचं मत' म्हणून चालत नाही, पुरावा काढून बघावा लागतो.

गंगाराम नावाच्या बंगाली कवीने 'महाराष्ट्रपुराण' लिहिलं. त्याची पोथी १७५१ ची, म्हणजे जखम ओली असतानाची. बर्गी, म्हणजे आपले बारगीर, आल्याचं कळताच गावं कशी रिकामी झाली ते तो जातवार सांगतो. पंडित पोथ्यांची ओझी घेऊन निघाले, सोनार तराजू आणि वजनं घेऊन, कुंभार चाक घेऊन, कोळी जाळी घेऊन. बर्गी रुपये दे म्हणत एकेकाला गाठायचे, नाही मिळाले की नाकात पाणी भरायचे, तळ्यात बुडवायचे. हे वाचताना मला त्रास होतो. पण ते पुस्तकात नको, असं मला कधीच वाटलं नाही.

आता हाच गंगाराम सुरुवातीला काय म्हणतो पाहा. बंगालच्या लोकांची पापं वाढली, म्हणून शिवाने नंदीला शाहूराजाच्या अंगात संचारायला पाठवलं! पुढे मराठ्यांनी ब्राह्मणांना आणि बायकांना छळलं, तेव्हा देवी त्यांच्यावर उलटली. आणि भास्करपंत, म्हणजे भास्करराम कोल्हटकर, तरी काय करत होते? कटव्याजवळ दाईंहाटला त्यांनी थाटाने दुर्गापूजा मांडली होती आणि ती चालू असतानाच अलीवर्दी चाल करून आला. म्हणजे हिंदू-मुसलमान असा सोपा साचा घेऊन बसलात तर ना गंगाराम हाती लागतो, ना भास्करपंत. शिवाय मराठ्यांची तरी बाजू एकच कुठे होती? १७४३ मध्ये नानासाहेब पेशवे फौजेसह बंगालमध्ये गेले ते अलीवर्दीच्या बाजूने, रघूजींना हुसकायला. शेवटी शाहू महाराजांना मध्ये पडून दोघांचे मुलूख वाटून द्यावे लागले.

बंगाली बाजूलाही तीच चाळणी लावायची. बर्गींनी चार लाख माणसं मारली, हा आकडा इंटरनेटवर सर्रास फिरतो. तो डच वखारवाल्यांचा अंदाज आहे. कुणी, कुठे बसून, कशावरून मोजलं, हे मुलांनी विचारलंच पाहिजे. तसंच चौथाईचं. मोगल बादशहाकडून मराठ्यांना मिळालेली चौथाईची १७१९ ची सनद दख्खनच्या सहा सुभ्यांची होती, बंगाल त्यात नव्हता. मग तिथे मागणी कुठल्या हक्काने? हा प्रश्न सातवीतला मुलगाही विचारू शकतो.

अभिमानाबद्दल तुम्ही कळकळीने लिहिलंय. ती कळकळ माझ्याही पोटात आहे. पण शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदारांना लिहिलेलं पत्र आठवा. दाणागोटा, गवत, भाजी विकत आणा, कुणब्यांच्या घरात शिरलात तर लोकांना वाटेल यापेक्षा मोगल बरे. हे पत्र आपण मुलांना अभिमानाने वाचून दाखवतो ना? मग त्याच मापाने १७४२ ची फौज मोजायची हिंमतही त्यांना द्यायला हवी. हे माप आपल्याच घरातलं आहे, बाहेरच्या कुणी ते लादलेलं नाही. रयतेच्या बाजूने उभं राहणारा राजा आपला, तर बंगालची रयत परकी कशी?

गोंधळाचं म्हणाल तर दहावीच्या पुस्तकात आपण इतिहासलेखनाच्या धड्यात रांके आणि मिशेल फुको या युरोपीय विचारवंतांची नावं घालतो. मुलं ती जोड्या लावण्यापुरती पाठ करतात. एकमेकांना छेद देणारी दोन साधनं मात्र समोर ठेवत नाही. फुकोपेक्षा गंगाराम आणि चिपळूणचं पत्र कितीतरी सोपं आहे.

राहिला तुमचा व्यवहाराचा प्रश्न, परीक्षेत मुलाने लिहायचं काय? माझ्या मते प्रश्न असा असावा : खाली दोन उतारे दिले आहेत. दोघांना मान्य असलेली एक गोष्ट लिहा. एकाने सांगितलेली आणि दुसऱ्याने गाळलेली एक गोष्ट लिहा. ती का गाळली असेल, ते सांगा. पहिल्या दोन उत्तरांचे गुण ठरलेले. तिसऱ्यात मूल कुठल्या बाजूला झुकलं याला गुण नाहीत, उताऱ्यातल्या कुठल्या ओळीवर बोट ठेवलं याला आहेत. तपासणाऱ्याला काम थोडं वाढेल, हे कबूल. तुमच्या अनुभवातून सांगा, पन्नास-साठ मुलांच्या वर्गात हे कितपत जमेल?