‘दुखणं थांबलं होतं, बाकी सगळा धंदा’ या रिव्ह्यूला क्लिनिकचं उत्तर

नमस्कार. एक स्टार देणं तुमचा हक्क. पण “रूट कॅनालचे पैसे घेतले, मग हिरडी कापली, दाढेत खिळा ठोकला, आता कॅपचे वेगळे मागतात” असं तुम्ही लिहिलंय, त्याला उत्तर द्यायलाच हवं. तुम्ही इथे स्वतः सांगितलंय त्यापलीकडे तुमच्या दाढेविषयी चारचौघांत बोलणार नाही.

रूट कॅनालने ठणका थांबतो, कारण सडलेली नस काढून मुळांतल्या नळ्या साफ करून भरल्या जातात. किडीने खाल्लेली दाढ त्याने परत उभी राहत नाही. भिंती पातळ उरल्या असतील तर कॅपशिवाय एखाद्या सुपारीच्या खांडावरही ती उभी चिरू शकते. चीर मुळात उतरली की बहुतेक वेळा दाढ काढावीच लागते.

आता हिरडी. कॅपला पकड मिळायला हिरडीच्या वर, शक्यतो चहूबाजूंनी, दाताची स्वतःची साधारण २ मिमी भिंत लागते. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते ना, तशी कॅप त्या भिंतीला आवळून धरते. कीड हिरडीखाली गेली असेल तर थोडी हिरडी कापून भिंत मोकळी करावी लागते, कधी थोडं हाडही घासावं लागतं. हे टाळलं तर कॅप नुसत्या भरावावर बसते आणि एक दिवस भरावासकट हातात येते.

आणि तो खिळा नव्हे, फायबर पोस्ट, म्हणजे मुळाच्या नळीत बसवलेली फायबरची बारीक काडी. पोस्टने दाढ मजबूत होत नाही, तो फक्त वरचा भराव धरून ठेवतो. पुरेसा दात उरला असेल तर मी तो घालतच नाही. घालताना मुळाच्या टोकाशी ४-५ मिमी गटापर्चा (नळीत भरलेला रबरासारखा पदार्थ) शाबूत ठेवावा लागतो, नाहीतर जंतूंना वाट मिळते. धातूचा पोस्ट फार ताठ, जोर आला की मूळ फुटण्याची धास्ती. फायबर बहुधा निखळतो, पुन्हा बसवता येतो.

दुसऱ्या डॉक्टरांनी इम्प्लांट, म्हणजे दाढ काढून हाडात बसवायचा कृत्रिम दात, सुचवल्याचंही तुम्ही लिहिलंय. ते चूक नाही. भिंत मिळण्यासारखीच नसेल तर मीही तेच सांगतो. पण वाचणारी दाढ आधी वाचवावी, या मतावर मी ठाम आहे.

पैशांचं म्हणाल तर आमच्या लेखी अंदाजपत्रकात रूट कॅनाल, पोस्ट आणि कॅप यांच्या रकमा पहिल्यापासून वेगळ्या लिहिलेल्या असतात.

कॅप आमच्याकडेच बसवा असा आग्रह नाही. एक्स-रे आणि कागदपत्रं रिसेप्शनवर मागा, लगेच मिळतील. फक्त उशीर करू नका, आणि तोवर त्या बाजूने कडक काही चावू नका.