सत्तरीनंतर स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर उपचारच नाहीत? खुलासा
गंगापूर रोडच्या आमच्या ज्येष्ठांच्या ग्रुपवर तीन दिवस एक मेसेज फिरतोय: ‘सत्तरीपुढे स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला तर केमो, ऑपरेशन काही करू नका, नुसते पैसे जातात.’

हे चूक आहे. डॉक्टर जन्मतारखेपेक्षा तब्येत बघतात: माणूस स्वतःची अंघोळ स्वतः करतो का, जिना चढतो का, हृदय-किडनी कशी आहे. गाठ काढण्याजोगी असेल तर धडधाकट पंचाहत्तरीतही व्हिपल ऑपरेशन (स्वादुपिंडाचा गाठ असलेला भाग काढण्याचं) होतं. धोका वाढतो, हे खरं. आजार मुळात जिवावरचा आणि बहुतेकदा उशिरा कळणारा.

गफलत कुठून आली असावी? फॉल्फिरिनॉक्स या जड केमोच्या २०११ सालच्या गाजलेल्या चाचणीत ७५ च्या पुढचे रुग्ण घेतलेच नव्हते. म्हणून वृद्धांना बऱ्याचदा जेमसिटाबिन हे त्यामानानं हलकं केमोचं औषध देतात, एकटं किंवा नॅब-पॅक्लिटॅक्सेल या दुसऱ्या केमो-औषधासोबत, तेही बेतानं.

आणि केमो नको म्हटलं तरी करण्यासारखं बरंच असतं. गाठीमुळे कावीळ झाली तर पित्तनलिकेत स्टेंट (वाट मोकळी ठेवणारी छोटी नळी) टाकतात, अंगाची खाज उतरते. पंचवटीतल्या माझ्या ७८ वर्षांच्या मावशीला अन्न पचवणाऱ्या एन्झाइमच्या कॅप्सूल जेवणानंतर तासाभरानं दिल्या जायच्या. पहिल्या घासाबरोबर द्यायला लागलो, तेव्हा कुठे तेलकट जुलाब थांबले आणि मुगाची खिचडी अंगी लागू लागली.

मेसेज पुढे ढकलला असेल, तर हेही त्याच ग्रुपवर टाका.