सरांचं बजेट

पैसे माझे, यादी माझी, गेम मी खेळणार, आणि नव्या कंप्युटरचं बिल नवऱ्याच्या नावावर. दुसरा शनिवार होऊन आज पाच दिवस झाले. पोळ्या लाटताना मध्येच आठवतं आणि पोळीचा नकाशा होतो.

थोडक्यात सांगते. लॅपटॉप सहा वर्षांचा झाला होता. गेम लावला की त्यातून पिठाच्या गिरणीसारखा आवाज यायचा, आणि घोड्यावरून दौडणारी माझी बाई नदीत पाय टाकताक्षणी फोटोसारखी थिजायची. तेवढ्यात एक आरडी मॅच्युअर झाली. साठ हजार. फ्रिजचं दार नीट लागत नाही हे सासूबाईंनी त्याच आठवड्यात तीनदा सांगितलं, पण मी ऐकू न आल्यासारखं केलं.

मग दोन महिने अभ्यास. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण गेमिंग पीसीच्या अंथरुणात ग्राफिक्स कार्ड नावाचा एक जावई झोपलेला असतो. एक तृतीयांश जागा त्याची, बाकीच्यांनी पाय पोटाशी घेऊन पडायचं. भिशीच्या वहीच्या मागच्या पानावर मी यादी केली: रायझेन ५ ५६०० प्रोसेसर, त्याला चालेल असा बी५५० मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन रॅम, म्हणजे मेमरीच्या पट्ट्या, रेडिऑन आरएक्स ६६०० कार्ड, गेम साठवायला ५०० जीबीची एनव्हीएमई, सगळ्यांना वीज पुरवणारा ५५० वॅटचा ब्रॉन्झ एसएमपीएस आणि एक साधं, बिनदिव्यांचं कॅबिनेट. ‘बिनदिव्यांचं’ या शब्दाखाली मी दोन रेघा मारल्या होत्या.

यादीतली सगळ्यात खवचट वस्तू म्हणजे रॅम. वर्षभरापूर्वी १६ जीबी तीन-साडेतीन हजारांत मिळायची. मी ‘दिवाळीनंतर बघू’ म्हटलं आणि दिवाळीनंतर ती नऊ हजारांच्या पुढे गेली. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात, आणि तिघींनाही एआयच्या डेटा सेंटरांकडून जास्त पैसे मिळायला लागले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये तुमच्या-आमच्यासाठीचा आपला क्रूशियल हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. आता या एआयला मी आयुष्यात एकदाच काहीतरी विचारलं होतं: भेंडी चिकट होऊ नये म्हणून काय करावं? ‘कोरडी करून चिरा’ असं उत्तर आलं. हे आईने मला १९९८ सालीच फुकट सांगितलं होतं. त्या एका भेंडीचे मला सहा हजार पडले.

तर लॅमिंग्टन रोड, मुंबईतला कंप्युटरच्या सुट्या भागांचा बाजार. रविवारी बहुतेक दुकानं बंद, म्हणून दुसरा शनिवार. बँकेत नोकरी असल्याचा तेवढाच फायदा. डोंबिवलीहून दादर, दादरहून ग्रँट रोड. नवऱ्याला सोबत घेतलं ते केवळ कॅबिनेट उचलायला. त्याला कंप्युटरमधलं ‘रिस्टार्ट करून बघ’ एवढंच कळतं, आणि ते तो वॉशिंग मशीनलाही लावतो. स्टेशनबाहेर त्याने ओल्या हरभऱ्याची जुडी घेतली आणि सोलून खात माझ्या मागून चालू लागला.

या रस्त्याचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते नाव सांगितलं तर टॅक्सीवाला तुम्हाला पत्ता विचारतो. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर होते. त्याआधी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडचे. तिथे त्यांच्या नावाचा केक आहे, चॉकलेटात बुडवून खोबऱ्यात घोळवलेला. आणि १३ मार्च १९४० ला लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी ओडवायरवर गोळ्या झाडल्या तेव्हा जखमी झालेल्यांत हेच म्हातारे लॉर्ड होते. म्हणजे एका माणसाच्या वाट्याला केक आला, गोळी आली आणि एसएमपीएसची बाजारपेठ आली. हे मी नवऱ्याला चालता चालता सांगत होते. तो म्हणाला, “हरभरा घे, कोवळा आहे.”

दुकान म्हणजे एक बोळकांडी. दोन्ही भिंतींना छतापर्यंत खोके, मध्ये काउंटर, काउंटरमागे शेठ. मी पुढे, नवरा मागे. शेठने माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं.

“बोलो सर.”

मी म्हटलं, “रायझेन फाइव्ह छप्पनसो है क्या? बॉक्सवाला.”

“सर, गेमिंग के लिए चाहिए? बच्चे की उमर क्या है?”

नवरा हरभरा चावत होता. त्याला प्रश्न नीट कळला, गेम कोण खेळणार हेही माहीत होतं, आणि माणूस प्रामाणिक. तो म्हणाला, “बयालीस.”

शेठ थोडा वेळ गप्प झाला. मग त्याने ते विनोदात जमा केलं. “सर, बजेट बोलो.”

“इनको पूछो,” नवरा म्हणाला. शेठ हसला. घरात आपलं काही चालत नाही असं सांगणाऱ्या पुरुषाकडे दुसरा पुरुष बघून हसतो, तसा. आणि पुन्हा नवऱ्याशीच बोलू लागला. “सर, आय सेव्हन देता हूं. सोला जीबी रॅम, चार जीबी ग्राफिक्स, पूरा सेट बाईस हजार.”

मी विचारलं, “आय सेव्हन कौनसी जनरेशन?”

“सर,” तो नवऱ्याला म्हणाला, “आय सेव्हन तो आय सेव्हन होता है.”

खोक्यावर वाकून पाहिलं तर तिसरी पिढी. म्हणजे २०१२ सालचा माल. आणि ते चार जीबी ग्राफिक्स म्हणजे जीटी ७३०, वय वर्षं बारा. छातीत दुखतंय म्हणून डॉक्टर बोलवावा आणि संस्कृतात पीएचडी केलेले गृहस्थ यावेत, तसा प्रकार. डॉक्टर तर डॉक्टर होते हैं.

आणि इथे काकांचा प्रवेश झाला.

काका कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. मांडीवर पंच्यात गुंडाळलेला प्रिंटर, बारशाला आणलेल्या बाळासारखा. त्याची शाई भरून मिळेपर्यंत त्यांना काही उद्योग नव्हता.

“मराठी का तुम्ही?”

“हो.”

“कुठले?”

“डोंबिवली.”

“ईस्ट का वेस्ट?”

“ईस्ट.”

“अरे वा.” वेस्ट म्हटलं असतं तरी ‘अरे वा’च आलं असतं. “आणि यजमान कुठे असतात?”

यजमान दोन फुटांवर हरभऱ्याची सालं ठेवायला जागा शोधत होते. काकांनी त्यांना स्वतःची प्लास्टिकची पिशवी दिली आणि तिथून दोघांचं जमलं. गिरगावातली चाळ पाडून टॉवर कधी होणार, डोंबिवलीत पाणी किती वाजता येतं, सगळं झालं. मग काकांनी माझ्या वहीत डोकावून बेरीज वाचली.

“साठ हजार? कशाला?”

“गेमसाठी.”

काका डोळे मिटून काहीतरी मोजत राहिले. “अर्धा तोळा गेला म्हणायचा.” मग बसल्या जागेवरूनच काउंटरकडे ओरडले, “ए शेठ! लेडीज आहे, भाव नीट लाव!”

मी अठरा वर्षं कर्ज विभागात आहे. माझ्या टेबलासमोर असले शेठ फाइल धरून उभे राहतात, आणि मी त्यांना म्हणते, जामीनदार कोण? सक्षम जामीनदार आणा. त्या क्षणी मला कळलं की या दुकानात मीच जामीनदाराशिवाय आलेली पार्टी आहे. एक जामीनदार हरभरा खातोय, दुसरा आपणहून स्टुलावरून उठतोय.

उठलेच ते. प्रिंटर नवऱ्याच्या हातात दिला आणि माझ्या खरेदीचा ताबा घेतला. कॅबिनेटच्या पत्र्यावर माठ घेताना वाजवतात तसं बोटाने टकटक केलं. “पत्रा पातळ.” मदरबोर्डचं खोकं कानाजवळ नेऊन हलवलं. ते मी अक्षरशः हिसकावून घेतलं. रॅमवरून तर मोठंच रामायण झालं. शेठ १६ जीबीची एकच पट्टी देत होता, मला आठ-आठच्या दोन हव्या होत्या. दोन असल्या की प्रोसेसरला मेमरीकडे जायला दोन रस्ते मिळतात, एका रस्त्यावर गर्दी होत नाही. एवढंच मी सांगत होते.

“सर, सोला तो सोला है,” शेठ नवऱ्याला म्हणाला.

“एकच घ्या हो,” काका मला म्हणाले. “दोनातली एक हरवते.”

जणू कानातले डूल घेत होते मी.

पण मला खरा राग कशाचा आहे, ते आता सांगते. एसएमपीएसचं खोकं काउंटरवर आलं. ५५० वॅट मी वाचलं आणि टिक केलं, कारण माझं अर्धं लक्ष रॅमच्या भांडणात होतं. काकांनी खोकं उचललं. शोकेसमधलं दुसरं मागून घेतलं. दोन्ही तळहातांवर एकेक ठेवून ते डोळे मिटून उभे राहिले, नारळवाल्यापुढे उभे राहतात तसे. मग म्हणाले, “हा हलका आहे. ह्याच्यात काही नाही.”

मी हसले. आणि मग खोकं उलटून पाहिलं. त्याच्यावर ८० प्लसचा, म्हणजे वीज वाया न घालवण्याचा, शिक्का कुठेच नव्हता. ब्रॉन्झ तर सोडाच. ब्रॉन्झचा अर्थ एवढाच की भिंतीतून ओढलेल्या विजेतली ऐंशी टक्क्यांच्या वर वीज यंत्रापर्यंत पोचते, उरलेली तापून जाते. आणि चांगल्या एसएमपीएसमध्ये तांबं जास्त, कपॅसिटर मोठे, म्हणून तो जड असतो. शेठने रंगाने सारखंच दिसणारं खोकं सरकवलं होतं. दोन महिन्यांचा माझा अभ्यास आणि प्रिंटरवाल्या काकांचा तळहात. तळहात जिंकला.

त्यांनी मला तसं सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी आभारही मानले असते. पण ते वळले नवऱ्याकडे. “लक्ष ठेवा हो साहेब. बायकांना फसवतात इथे.” आणि नवऱ्याने मान हलवली! प्रिंटर कडेवर घेऊन, गंभीरपणे.

मला सांगा, मी काय बोलायला हवं होतं? पुढच्या तीन दिवसांत मला एकाहून एक उत्तरं सुचली, त्यातली दोन तर इतकी धारदार की मी ती भिशीच्या वहीत लिहून ठेवली आहेत. पण त्या वेळी तोंडातून निघालं, “थँक यू काका.”

पुढचं भरभर झालं. बिनदिव्यांचं कॅबिनेट स्टॉकमध्ये नव्हतं. दिव्यांचं होतं, तेही पाचशेने कमी. ही सूट काकांनी मिळवली. “असू देत दिवे, पोरंबाळं खूश होतील.” आम्हाला पोरंबाळं नाहीत. हे तिथे सांगण्यात अर्थ नव्हता, सांगितलं असतं तर चर्चा कुठे गेली असती ते मला ठाऊक आहे. एकूण झाले त्रेसष्ट हजार चारशे. शेठ म्हणाला, बिल नको असेल तर कमी होईल. काका म्हणाले, नकोच, अठरा टक्के सरकारला कशाला? मी म्हटलं, बिल पाहिजे. तीन वर्षांची वॉरंटी बिलाशिवाय म्हणजे शपथेवर कर्ज. यावर मी पाच मिनिटं एकटी भांडले आणि जिंकले. माझ्या फोनवरून पैसे गेले, काउंटरवरच्या डबीने आकडा मोठ्याने सांगितला.

“थँक यू सर,” शेठ म्हणाला. “सर, नाम?”

आणि नवऱ्याने सांगितलं. वाईट हेतूने नाही. ‘नाम?’ विचारलं की माणूस नाव सांगतो, शाळेच्या हजेरीपासूनची सवय. मी तेव्हा खोकी मोजत होते. पाहिलं ते थेट दादरला, ब्रिजवर.

जोडणी मीच केली, रविवारी, डायनिंग टेबलावर. सहा तास लागले, एक स्क्रू अजून सापडलेला नाही. चालू झालं आणि बेडरूममध्ये इंद्रधनुष्य फिरू लागलं. त्या पंख्यांचे दिवे बंद करायचं बटणच नाही. सासूबाई दारात येऊन पाहत राहिल्या. म्हणाल्या, “गणपतीत मखराचा खर्च वाचला.” फ्रिजच्या दाराचा विषय त्यांनी काढला नाही, हे मी त्यांचं मोठेपण समजते.

माझी बाई आता नदीतून घोडा दौडवत पार जाते. म्हणजे बुधवारपर्यंत जात होती. बुधवारी रात्री पुन्हा थिजली. पाहिलं तर सोळातले आठच जीबी दिसतायत. पट्ट्या अदलाबदल करून पाहिल्या, एक मेलेली निघाली. काकांचा ‘दोनातली एक’ मला नको तेव्हा आठवला.

आज सकाळी दुकानात फोन लावला.

“मॅडम, बिल किस के नाम पे है?”

सांगितलं.

“तो सर को फोन दो ना.”

सर दाढी करत होते. अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून त्यांनी फोन स्पीकरवर धरला, आणि मी शेजारी उभी राहून नाटकात विंगेतून वाक्यं पुरवतात तशी पुरवू लागले. मी कुजबुजायचे, तो म्हणायचा. बायोसमध्ये एकच पट्टी दिसतेय. स्लॉट बदलून पाहिले. एक्सएमपी बंद करून पाहिलं. दुसरी पट्टी त्याच स्लॉटमध्ये चालते, म्हणजे बोर्ड ठीक आहे, पट्टीच गेली आहे. ‘एक्सएमपी’ला तो ‘एसएमपी’ म्हणाला, बाकी पाठांतर स्वच्छ.

पलीकडे क्षणभर शांतता. मग शेठचा आवाज आला, पहिल्यांदाच आदराने भरलेला.

“शनिवार को ले आओ सर, बदल देंगे. वैसे आपको काफी नॉलेज है.”

नवऱ्याने आरशात स्वतःकडे पाहिलं.

“थोडा बहुत,” तो म्हणाला.