सेक्रेटॅरिएट जिंकला तो नुसत्या हृदयाच्या जोरावर नव्हे

‘सेक्रेटॅरिएट एकही शर्यत हरला नाही, कारण मेल्यावर वजन केलं तेव्हा त्याचं हृदय 10 किलो भरलं. आणि 1973 च्या बेलमाँटमध्ये समोर घोडेच नव्हते, म्हणून तो 31 लेंग्थनं जिंकला.’ अमेरिकेतल्या या शर्यतीच्या घोड्याबद्दल हा मजकूर सगळीकडे फिरतो आहे. (बेलमाँट ही तिथली दीड मैलाची शर्यत, आणि लेंग्थ म्हणजे एका घोड्याच्या लांबीएवढं अंतर.) त्यातलं जवळजवळ काहीच टिकत नाही.

तो 21 शर्यती धावला, 16 जिंकला. पहिल्याच शर्यतीत सुटताना धक्का बसला आणि तो चौथा आला. शॅम्पेन स्टेक्समध्ये पहिला आला, पण दुसऱ्या घोड्याला अडथळा केला म्हणून दुसरा ठरवला गेला. वुड मेमोरियलमध्ये तिसरा. तेव्हा वरच्या ओठाच्या आत गळू होतं, अशा तोंडाला लगामाचा ताण सोसणं कठीण. पुढे व्हिटनी शर्यतीत ओनियननं आणि वुडवर्ड शर्यतीत प्रूव्ह आउटनं त्याला हरवलं. हे दोन्ही घोडे ॲलन जर्केन्स या एकाच ट्रेनरचे.

हृदय मोठं होतं, यात वाद नाही. पण 1989 मध्ये शवविच्छेदन करणाऱ्या डॉ. थॉमस स्वेर्चेक यांनी त्या हृदयाचं वजन केलंच नव्हतं. पुढे त्यांनी शॅम या 1973 मधल्या त्याच्या प्रतिस्पर्धी घोड्याचं हृदय तोललं, ते 18 पौंड, म्हणजे 8 किलोंच्या आसपास भरलं. त्याच्याशी तुलना करून सेक्रेटॅरिएटच्या हृदयाचा 22 पौंडांचा, म्हणजे त्या 10 किलोंचा, अंदाज आला. मोठं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुरवतं. वेग कुठे खर्च करायचा, हे ते ठरवत नाही.

ते कळतं पाव-पाव मैलांच्या वेळांतून. केंटकी डर्बीत त्याच्या वेळा 25.2, 24, 23.8, 23.4 आणि 23 सेकंद, एकूण 1 मिनिट 59.4 सेकंद. प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा वेगवान, सव्वा मैलाच्या शर्यतीत! बेलमाँट मात्र तो उलट धावला: 23.6, 22.6, 23.6, 24.4, 24.8, 25. एकूण 2 मिनिटं 24 सेकंद, जुन्या विक्रमापेक्षा 2.6 सेकंद कमी. दीड मैलाच्या शर्यतीत पहिला पाऊण मैल 1 मिनिट 9.8 सेकंदांत काढणं ही बहुतेक घोड्यांसाठी आत्महत्याच.

‘समोर घोडेच नव्हते’ हा शॅमवर अन्याय आहे. डर्बीत तो फक्त अडीच लेंग्थ मागे होता, म्हणजे त्यानंही ती शर्यत दोन मिनिटांच्या आतच संपवली. 1973 पूर्वी तिथे हे कुणालाच जमलं नव्हतं. बेलमाँटमध्ये त्या पाऊण मैलाच्या वेगाला भिडायची हिंमत एकट्या शॅमनं केली, आणि त्याच वेगानं मोडून तो पाच घोड्यांत शेवटचा आला.