‘इन्सुलिन बंद करा, उपास धरा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

किप्पूरला, म्हणजे आम्हा यहुद्यांच्या पंचवीस तासांच्या कडक उपासाच्या दिवसाला, आमच्या जुन्या माणसांच्या भाषेत दारफाळणीच्या सणाला, तीन दिवस उरले होते. मावशीकडे गेले तर फ्रिजच्या दारात कोथिंबिरीच्या जुडीमागे इन्सुलिनचं पेन तसंच पडलेलं. रविवारपासून तिनं टोचलंच नव्हतं. साखर तपासली, ४२० निघाली. का बंद केलंस विचारल्यावर तिनं फोन पुढे केला. आपल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी, मंडळींत आठवडाभर फिरतोय तो मेसेज: ‘खऱ्या यहुद्याला औषध लागत नाही. इन्सुलिन डुकरापासून बनतं, बंद करा. कडक उपास धरा, मलिद्याचा नवस बोला, आजार जाईल.’ मलिदा म्हणजे आपला गोड पोह्यांचा नैवेद्य.

आधी उपासाचं बोलते, कारण यात माणूस जाऊ शकतो. साखर इतकी चढली की ती लघवीवाटे अंगातलं पाणी ओढून नेते. त्यात पंचवीस तास पाण्याचा थेंब नाही आणि इन्सुलिनही नाही, म्हणजे रक्तात आम्ल साठायला लागतं आणि माणूस बेशुद्ध पडतो. याला कोणी धर्म म्हणत असेल तर त्यानं मिश्ना, म्हणजे आपल्या धर्मनियमांचा जुना संग्रह, उघडावी. ‘योमा’ हा भाग याच दिवसाबद्दल आहे. त्याच्या आठव्या अध्यायात लिहिलंय की आजाऱ्याला जाणकारांच्या सांगण्यावरून खायला द्यावं, जाणकार नसतील तर त्याच्या स्वतःच्या सांगण्यावरून, तो पुरे म्हणेपर्यंत. तालमूद, म्हणजे मिश्नेवरच्या चर्चेचा ग्रंथ, त्याच्याही पुढे जातो. आजारी म्हणाला ‘मला गरज नाही’ आणि वैद्य म्हणाला ‘आहे’, तर वैद्याचं ऐकायचं. मावशी, हे तुझ्यासारख्यांसाठीच लिहिलंय गं! आधार तोरातला, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांतला आहे, लेवीय १८:५: या आज्ञांनी माणसानं जगावं. जगावं, मरावं नव्हे, असा अर्थ आपल्या रब्बींनी त्यातून काढला.

डुकराचं म्हणाल तर ती गोष्ट जुनी झाली. पूर्वी इन्सुलिन डुकराच्या आणि गाईच्या स्वादुपिंडातून काढत, हे खरं. आज ते बहुतेक जिवाणू किंवा यीस्टकडून बनवून घेतात. आणि मनाई खाण्याला आहे, सुई टोचणं म्हणजे खाणं नव्हे.

मेसेजात बायबलमधल्या यहूदाच्या राजा आसाचाही दाखला आहे. देवाकडे न जाता तो वैद्यांकडे गेला, हा दोष बायबलच्या ‘२ इतिहास’ या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात दिलाय, नाकारत नाही. पण दोष देवाला विसरल्याचा आहे. यहूदाचाच दुसरा राजा हिज्कीया मरणाला टेकला तेव्हा तो रडून प्रार्थना करत होता, आणि यशया संदेष्ट्यानं त्याच्या गळवावर अंजिरांची ढेप बांधायला लावली. प्रार्थनाही झाली, औषधही झालं. आपला मध्ययुगातला थोर रब्बी रामबाम (मायमोनिडीज) तर स्वतः वैद्य होता. आपल्याच समाजातल्या डॉ. जेरुशा झिराड यांनी आयुष्यभर बायकांवर उपचार केले.

मलिद्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावानं पोहे, गूळ, खोबरं, फळं मांडली की आजाऱ्याला बळ येतं, मीही पाहिलंय. मावशी, बरी झालीस की अलिबागजवळच्या खंडाळ्याला, एलियाहूच्या ठिकाणी जाऊन नवस फेडू, ताट मी भरीन.

त्याच संध्याकाळी तिला डॉक्टरांकडे नेलं. यंदा उपास नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि डोस लिहून दिला. तो कागद फ्रिजवर चिकटवलाय आणि पेन कोथिंबिरीच्या पुढे ठेवलंय. किप्पूरला सिनेगॉगला जाण्याआधी तिला इन्सुलिन टोचून नाश्ता मीच देणार आहे.