पूल पडताना बघायला आवडतं मला, बरं मग?

काल रात्रीच्या शोचं तिकीट शाळेच्या ग्रुपवर टाकलं, राक्षस विरुद्ध राक्षस टाइप पिक्चर होता, तर सकाळी एका विद्वानाचा मेसेज, की पन्नाशीला आलेली माणसं असले पिक्चर बघतात म्हणजे मानसिक वय बाराच्या पुढे सरकलेलंच नाही. खाली सगळ्यांचे अंगठे. दिवसभर ऑफिसात तेच डोक्यात. आता लिहूनच टाकतो, लांबेल, कंटाळा येईल त्याने खुशाल पुढे जावं.

मुळात हे लहान मुलांचे पिक्चर आहेत हे ठरवलं कुणी? बिल्डिंग पडताना पोराला काय दिसतं, धूळ दिसते आणि आवाज ऐकू येतो. मला त्यात कार्पेट एरिया दिसतो. स्टॅम्प ड्युटी दिसते, ओसी, म्हणजे राहायला जायचा दाखला, रखडलेली विंग दिसते, पार्किंगवरून मीटिंगमध्ये एकमेकांची कॉलर धरलेले दोन सज्जन दिसतात, आणि हे सगळं शेपटीच्या एका फटक्यात खलास, वर त्याचा हप्ता माझ्या खात्यातून जाणार नाही! ही मजा बारा वर्षांच्या पोराला कळणार कशी, त्याने अजून आयुष्यात काही विकत घेतलेलं नाही.

माझे बाबा सरकारी खात्यात ओव्हरसियर होते, सगळी नोकरी पूल आणि मोऱ्यांवर गेली. 2014 चा गॉडझिला आला तेव्हा ते रिटायर्ड, घरात बसून चिडचिड करायचे म्हणून आईनेच त्यांना माझ्याबरोबर पिटाळलं. हिंदी डब. त्या पिक्चरात गॉडझिला धड दिसायलाच तासभर लागतो, तोवर बाबांच्या जांभया. मग सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल आला आणि बाबा एकदम ताठ. शेजारच्या अनोळखी माणसाला सांगतायत, "सस्पेन्शन ब्रिज आहे हा, 1933 ला काम काढलं, 37 ला खुला केला, चार वर्षं लागली." तो बिचारा मान डोलावतोय तोवर गॉडझिला पूल मधोमध फोडून बाहेर! आणि ज्या माणसाने एम.बी.मध्ये, म्हणजे कामाच्या मोजमापाच्या वहीत, जन्मात कधी एक आकडा इकडचा तिकडे केला नाही तो खुर्चीच्या हातावर थापा मारून हसतोय, हसता हसता ठसका, मी पाण्याची बाटली शोधतोय.

आता सांगा, यांचं मानसिक वय किती?

आणि हे काय आज अमेरिकेकडून शिकलो का आपण? आपल्या त्र्यंबकच्या फाळक्यांनी 1917 साली लंकादहन काढला, त्यात मारुती उडतो आणि लंका पेटते. तेव्हा ट्रिक सीन म्हणायचे, आता व्हीएफएक्स म्हणतात. त्यात राम आणि सीता दोन्ही एकाच नटाने, अण्णा साळुंक्यांनी केले होते, तरी लोकांनी तुफान गर्दी केली, आणि ती काय सगळी पोरांची होती? प्रभातच्या तुकारामातसुद्धा शेवटी वैकुंठाचं विमान उतरतं, तेव्हा धोतर-पागोटंवाली मोठी माणसं हात जोडून बसायची. त्यांना कुणी बालिश म्हटलं नाही. फक्त आम्ही बघितलं की लगेच अभिरुची काढायची.

बरं, मान्य, यातले निम्म्याहून जास्त पिक्चर भिकार असतात, हिरोच्या बायकोला दोन वाक्यं आणि एक किंकाळी एवढंच काम असतं. आणि यांच्यापायी मराठी पिक्चरला सकाळी दहाचा शो मिळतो हेही खरं, त्यावर मी स्वतः भांडलोय, त्यामुळे कमेंटमध्ये ते नका काढू.

पण ते "डोकं घरी ठेवून बघायचा पिक्चर" म्हणतात ना, त्याने माझं खरंच डोकं फिरतं. डोकं घरी ठेवलं असतं तर बाबांना चार वर्षं आठवली असती का? त्यांचं हसू कुठून आलं ते मला नंतर, गाडी काढताना कळलं. स्वतःच सांगायला लागले, कृष्णेवरच्या एका कामाला पाणी अवेळी चढलं आणि सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालचा तात्पुरता आधार, रात्रीत वाहून गेलं, ते पुन्हा उभं करण्यापेक्षा का गेलं याचे खुलासे लिहिण्यातच उन्हाळा गेला. "इथं बघ," म्हणाले, "पूल गेला आणि एकालाही नोटीस नाही." मोठ्याने म्हणाले, पार्किंगवाला बघत होता. तेवढ्या खुलाशांनंतर एखाद्याला पडणारा पूल बघून मोकळं वाटत असेल तर वाटू दे ना बाबा. मला आता राग पण राहिला नाही त्या ग्रुपवाल्याचा. त्याचाही एक फ्लॅट रखडलाय, त्याला तर मी फुकट तिकीट काढून देईन.

तक्रार माझी वेगळीच आहे आणि ती कुणी करत नाही. हल्ली सगळी मारामारी रात्री, पावसात, धुरात. का, तर अंधारात कॉम्प्युटरची चोरी पचते. ज्युरासिक पार्कमध्येही टी-रेक्स रात्री पावसातच येतो, कबूल, पण तिथे खराखुरा अवाढव्य यांत्रिक प्राणी उभा केला होता, पाणी शोषून त्याची रबरी कातडी जड व्हायची आणि तो थरथरायला लागायचा, मग म्हणे टॉवेल घेऊन त्याला पुसत बसायचे. त्याचं वजन पडद्यावर जाणवतं. कालच्या पिक्चरात दोन डोंगराएवढी जनावरं एकमेकांवर आपटली आणि पुलाचा स्लॅब वडापावच्या कागदासारखा उडाला. बाबा बरोबर असते तर म्हणाले असते, डेड लोड, म्हणजे पुलाचं स्वतःचं वजन, धरलाच नाही यांनी. पुढच्या वेळी त्यांना नेणार आहे, ऐकू कमी येतं पण असल्या पिक्चरला ऐकायचंय काय. दिवसाउजेडी मारामारी असलेला एखादा माहीत असेल तर नाव टाका खाली, अभिरुचीवाल्यांनी नको, बाकीच्यांनी.